टाचणीचं घर

माझ्या मावशीला बिल्डिंगमध्ये टाचणी म्हणतात. शिवणकाम करते आणि बोलली की टोचते. मी शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी मला दाराबाहेर काढलं. मावशीने आत घेतलं, "जेवलीस का?" एवढंच विचारलं. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. पण ह्या प्रकरणात चूक तिचीच.

आम्ही तळमजल्यावर. सोसायटीने लिफ्ट बसवली, मेंटेनन्स वाढवला. मावशी म्हणाली, "मी काय लिफ्टने स्वयंपाकघरात जाते?" लिफ्टपुरतं भांडली असती तर चाललं असतं. हिने पाणी, झाडलोट, सगळ्याचेच पैसे बंद केले. वर्षं गेली, व्याज चढलं. कोर्टाची नोटीस सही करून घेतली आणि तारखेला गेलीच नाही. "मी चोर आहे का तिथे उभी राहायला?"

निकाल विरुद्ध लागला. पैसे भरा, नाहीतर घर जप्त होऊन लिलाव.

वकील म्हणाला, "निकाल रद्द करा असा अर्ज टाकता येईल, पण गैरहजेरीचं कारण काय देणार? अपिलात आधी रक्कम भरायला लावतील. घर स्वतःच विकलंत तर लिलावापेक्षा बरे पैसे येतील. नाहीतर सोसायटीकडे हप्ते मागा."

सोसायटी हप्त्यांना तयार झाली, पण सोमवारच्या आत बिल्डिंगमधलं कोणीतरी जामीन हवं. मी दारोदार फिरले. मावशीकडून फुकट पँटची चेन बदलून घेणारे दार किलकिलं करून "बघतो" म्हणाले. उरल्या सहाव्या मजल्यावरच्या बाई. त्यांना संधिवात. मावशीने भर मीटिंगमध्ये त्यांना सुनावलं होतं, "पाय तुमचे दुखतात, भुर्दंड मला का?"

बाई म्हणाल्या, "राहीन मी जामीन. पण तिने येऊन बोलायचं. तू नको."

रविवार संध्याकाळपर्यंत मावशी मशीनवरून उठली नाही.

"जाऊ दे घर. मला चालेल."

"तुला चालेल. मी कुठे जाऊ?"

तोंडून निघून गेलं. खोटं नव्हतं. तिने हातातली पँट अर्धी टाकली आणि चपला घातल्या.

बाईंच्या दारापाशी मात्र तिचा हात वर जाईना.

"काय बोलू गं?"

मावशीला शब्द सुचत नाहीत, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"मला तरी कुठे बोलता येतंय," म्हटलं, आणि बेल दाबली.