फडक्यात बांधलेलं फूल

आमची उज्वला इगतपुरीला शिक्षिका आहे. हट्टी म्हणजे किती हट्टी, ते नवरा म्हणून मला विचारा. गेल्या श्रावणात कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याच्या डोंगरावरच्या गवतात तिला सोनकीसारखं पिवळं फूल दिसलं आणि ही सोनकी नव्हेच, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नाशिकच्या कॉलेजातले सर म्हणाले, नुसत्या फुलावरून सांगता येणार नाही, पिकलेलं बी पाहिजे. सोनकीच्या बीला पांढरे केस असतात. याला नसतील तर ही दुर्मिळ जात, कित्येक वर्षांत कुणाला न दिसलेली. अख्ख्या उतारावर झुडूप एकच होतं. बी वाऱ्यावर जाऊ नये म्हणून तिने फुलाला मलमलचं फडकं बांधलं.

दसऱ्यानंतर गवत कापायला लागल्याचं कळलं, तसे आम्ही धापा टाकत डोंगर चढलो. वर अर्धा उतार भुंडा झालेला. मधे हातभर गवत तेवढं राखलेलं आणि फडक्यापुढे हळदकुंकू.

कोंडाजी विळा घेऊन उभा होता. कुणाचा तरी नवस असेल म्हणून त्याने तेवढं सोडलं होतं.

"बाई, नवस तुमचा का?"

हो म्हण, मी मनात ओरडत होतो. आम्ही बौद्ध, नवस आमच्यात नाही आणि वर्गातही ही तेच शिकवते. पण एका शब्दाने काय बिघडणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "बी पिकू द्यायचं होतं, म्हणून बांधलं."

मला तिचा असा राग आला! कोंडाजीने विळा सरळ केला.

"मंग कापू? बैलांना लागतंय गवत."

"आधी बी बघू द्या."

गाठ सुटता सुटेना. शेवटी तळहातावर बारीक काळ्या बिया पडल्या. भिंगातून ती बघतच राहिली. एकाही बीला केस नव्हता. म्हणजे ही तीच दुर्मिळ जात. ती आनंदाने रडायला लागली.

कोंडाजीची बायको, शकुबाई, जवळ आली. असं झाड लय थोडं हाय का, म्हणून विचारलं. मला हे एकच माहीत आहे, उज्वला म्हणाली.

कोंडाजीने विळा खाली घेतला. "आज सोडतो. नवस असता तर दरसाल कुणी शिवलं नसतं. पुढच्या साली तुम्ही नसल्या, तर?"

तिच्या बदलीचा हुकूम आलाय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिने सरांसाठी दोन बिया बाजूला काढल्या आणि उरलेल्या सगळ्या शकुबाईच्या हातावर ठेवल्या.

"तुम्ही असाल ना," ती म्हणाली.