मखराला लावलेला झेंडा

गेल्या गणेश चतुर्थीला, शनिवारी सकाळी नऊ वाजता, प्राणप्रतिष्ठेच्या आधी, बॉनमधल्या आपल्या मराठी मंडळाने एका हैतियन बाईच्या झेंड्यावर कात्री चालवली. ती माझ्या शेजारी राहते. टिकल्या-मण्यांचे झेंडे शिवते; तिच्या देशात ती मुरलेली कला आहे. हा झेंडा लाल-निळा, मधोमध कोयत्याने साखळी तोडणारा गुलाम. दोन हिवाळे ती तो शिवत बसली होती. सोमवारी तो कोलनच्या प्रदर्शनाला जायचा होता. तोवर हॉलच्या भिंतीवर लावा म्हणून तिने विश्वासाने दिला.

आम्ही दोघी आरतीला पोचलो तेव्हा भिंत मोकळी. झेंड्याचे मखराला दोन पडदे झालेले. गुलामाचा अर्धा चेहरा इकडे, अर्धा तिकडे. कापलेल्या कडांना पांढरी लेस.

सजावटवाल्या काकू खुशीत होत्या. "अगं, बाप्पामागे कोयतेवाला बरा दिसतो का? आणि ते लाल-निळं नुसतं अंगावर येत होतं."

"पांढरं कुणी लावलं?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"मीच. हातशिलाई आहे हं."

मग तिने सांगितलं. १८०३ साली फ्रेंचांशी लढताना तिच्या लोकांनी मालकांच्या झेंड्यातला पांढरा पट्टा फाडून फेकला आणि उरलेलं लाल-निळं जोडलं. तिचं सगळं काम त्या फाडण्यातून येतं. मी ते मराठीत सांगितलं.

"असं होय," काकू म्हणाल्या. "पण पांढरा म्हणजे शांतीच ना गं?"

मागे कुणीतरी हसलं. भगव्याला लेस लावली असती का हो, मी विचारलं. मग कुणी हसलं नाही.

तिने पडद्याला हात घातला तसे अध्यक्षकाका आडवे आले. "नाइन, नाइन, काढायचं नाही. प्रतिष्ठा झालीय. विसर्जनापर्यंत मखर हलवता येत नाही."

"आणि सोमवारी?"

"आल्झो, म्हणजे टिकल्याच ना? दादरहून किलोभर मागवू." आणि तिच्या हातात मोदकाची बशी ठेवली.

कोलनला तिची जागा रिकामी राहिली. विसर्जनानंतर पडदे थर्मोकोलसोबत हॉलखालच्या केलरमध्ये गेले, पुढच्या वर्षी कामाला येतील म्हणून. ती मागायला गेली की किल्ली कुणाकडे आहे ते बघतो, असं सांगून तिला परत पाठवतात.

किल्ली तुमच्यापैकीच कुणाकडे तरी आहे. विसर्जन कधीच झालंय, आता कुठला देव आड येत नाही. केलर उघडा. दोन्ही तुकडे काढा. लेस उसवायला जाऊ नका, तुमचे हात लागले तेवढे पुरे. या रविवारी तिच्या दारात जा आणि तिचं तिला द्या.