दोन्ही हात बटणावर

भंगाराच्या यार्डात मशीन मी चालवते असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात, मग हातांकडं. हात धड आहेत का ते बघतात. आहेत. दहाच्या दहा बोटं आहेत, आणि ती काही नशिबानं राहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी मी मालकाशी, खरं तर सगळ्या यार्डाशी भांडले. लोक म्हणतात बाई हट्टी आहे. म्हणू देत.

माहेर माझं भूमकडचं, मेंढरांचं. वडलांच्या मागं रानोमाळ हिंडत वाढले, पण शाळा सोडली नाही. पुढं धाराशिवला आयटीआयला फिटर केलं. वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्न होऊन तेरला आले. नवरा शाळेत शिपाई, घरी सासू. तिला मी आत्या म्हणते. पोरगी पहिलीत जायला लागली तशी मी काम शोधू लागले. फिटर बाई कुणालाच नको होती. दोन वर्कशॉपवाल्यांनी तर चहा पाजून, हसून परत पाठवलं. शेवटी धाराशिवच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या यार्डात मालकानं ठेवून घेतलं, तेही खाली बसून पत्रा, तांबं, ॲल्युमिनियम वेगळं करायला.

तिथं जे येत नाही असं काही नव्हतं. आयुष्य संपलेल्या रिक्षा, काळीपिवळी जीप, अपघातातल्या मोटरसायकली, कूलरचे पत्रे, उसाच्या ट्रॉलीचे फाळके. गाडी आधी गॅस कटरनं कापायची, इंजिन-टायर काढून घ्यायचे, आणि उरलेला सांगाडा प्रेसमध्ये. प्रेस म्हणजे जाड लोखंडाचा हौदच. वर झाकण, बाजूला दट्ट्या. झाकण मिटलं की दट्ट्या सरकतो आणि अख्ख्या जीपचा पत्रा टीव्हीच्या खोक्याएवढा गठ्ठा होऊन बाहेर पडतो. ते गठ्ठे ट्रकनं जालन्याला जायचे, वितळवायला.

प्रेस चालवायचे मामा. वय साठीच्या पुढं, सगळं यार्ड त्यांना मामाच म्हणायचं. त्यांच्या उजव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पंपानं दगा दिला. झाकण आपोआप आलं खाली." एवढंच. त्यापुढं कुणी विचारायचं नाही.

एकदा प्रेसचं ऑइल गळायला लागलं. मिस्त्री सोलापूरहून येणार, तोवर काम बंद. मी म्हटलं, सील गेलंय, आणून द्या, मी बदलते. मालक हसला, पण सील आणून दिलं. दुपारपर्यंत मशीन चालू झालं. मामांना तेव्हा डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं होतं. त्यांनीच मालकाला सांगितलं, "हिला शिकवतो म्या. हिचं डोकं मशीनवर चालतंय."

असं मी प्रेसवर आले. त्या दिवशी तेरच्या एसटीत उभ्यानं गेले, पण पाय दुखल्याचं कळलं नाही.

आता त्या बटणांचं सांगते. झाकण खाली आणायला दोन हिरवी बटणं असतात, एकमेकांपासून दीड हातावर. दोन्ही एकाच वेळी दाबून धरली तरच झाकण हलतं. एकावरचा हात काढला की जागेवर थांबतं. बनवणाऱ्यानं मुद्दाम तसं केलंय, म्हणजे झाकण मिटताना चालवणाऱ्याचे दोन्ही हात बाहेरच राहतात. पण आमच्या यार्डात डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली असायची. ते बटण कायम दाबलेलंच. मग उजव्या हातानं दुसरं दाबायचं आणि डाव्या हातानं बाहेर आलेला पत्रा आत ढकलायचा. तेवढा वेळ वाचतो. मामांनी मला तसंच शिकवलं आणि मीही तसंच केलं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज होता. मामांपेक्षा माझे गठ्ठे जास्त निघायला लागले तेव्हा तर फारच.

चार महिने असे गेले. मग एका सकाळी मी एका स्कूटरचं मडगार्ड आत ढकलत होते. पत्र्याची कड बांगड्यांत अडकली. मी हात ओढला, निघेना. उजवा हात बटणावरून काढायला हवा होता, पण घाबरलेलं माणूस जे हातात असतं ते आणखी घट्ट धरतं. मी बटण दाबूनच धरलं. झाकण मनगटाजवळ आल्याचं मला आधी वाऱ्यानं कळलं, मग सावलीनं. कसा कोण जाणे, हात सुटला. तीन बांगड्या आत राहिल्या. गठ्ठा बाहेर पडला तेव्हा त्याच्या फटीत हिरवी काच चमकत होती.

मी खाली बसले. निवडणाऱ्या बायकांतल्या एकीनं पाणी आणून दिलं. मालक केबिनमधून ओरडला, "काय झालं? थांबलं कशानं?" मामा म्हणाले, "काय न्हाय, बांगड्या वाढल्या." आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

घरी आत्यांनी हात बघितला. मनगटावर लाल ओरखडा होता. मी सगळं सांगितलं, पट्टीसकट. मला वाटलं, आता म्हणतील काम सोड. आत्यांनी ओरखड्यावर हळद लावली. मग म्हणाल्या, "ती पट्टी कोण बांधतं?"

"आम्हीच."

"मग सोड की ती. काम कशाला सोडतीस?"

दुसऱ्या दिवशी मी घरातलं ब्लेड पदरात बांधून नेलं. पट्टी कापली आणि दोन्ही हात बटणावर ठेवून काम सुरू केलं. काम सावकाश व्हायला लागलं हे खरं. पत्रा बाहेर आला की थांबायचं, झाकण उचलायचं, आत सारायचा, परत दाबायचं. दुपारी जालन्याचा ट्रक भरायचा राहिला आणि मालक आला.

"पट्टी कुठंय?"

"कापली."

"कुणाला विचारून?"

"विचारलं न्हाय."

त्यानं भंगारातून दुसरी ट्यूब उचलली आणि स्वतः बांधली. भंगारात ट्यूबची काय कमी! दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीही कापली. त्यानं तिसरी बांधली. असं चार-पाच दिवस चाललं. निवडणाऱ्या बायकाही माझ्यावर चिडल्या, कारण मशीन थांबलं की ढिगारा त्यांच्या अंगावर साचायचा. एक म्हणाली, "तुझ्या एकटीपायी आम्हा सगळ्यांची खोटी व्हतीय बघ." मला वाईट वाटलं. पण पट्टी कापायची ती कापलीच.

शेवटी एका दुपारी मालक सगळ्यांसमोर प्रेसजवळ येऊन उभा राहिला. ट्रकचा ड्रायव्हर होता, बायका होत्या, मामा होते. मालक म्हणाला, "इतकी वर्षं हे असंच चाललंय. तुलाच तेवढी भीती. बायकांचं हे असंच असतं."

त्यानं पट्टी बांधली. मी बटणापासून बाजूला झाले.

"मालक, तुम्ही चालवा."

"चालवतो की. त्यात काय!" त्यानं उजवं बटण दाबलं. झाकण खाली यायला लागलं. एका जीपचं दार आत नीट बसलं नव्हतं, त्याचा पत्रा वर आला होता.

मी म्हटलं, "आता डावा हात घाला. पत्रा आत सारा."

त्याचा डावा हात उठला. हौदाच्या काठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यानं बटण सोडलं. झाकण अर्ध्यात उभं राहिलं. कुणी हसलं नाही. मीसुद्धा हसले नाही, खरंच. मला त्याची भीती दिसली होती, आणि ती माझ्यासारखीच होती.

पण त्यानं मात्र तो अपमान मानला. "उद्यापासून निवडायला बस," एवढंच म्हणाला आणि केबिनमध्ये गेला.

दोन दिवसांनी परंड्याकडचा एक ऑपरेटर आणला. तिशीतला, चपळ माणूस. तो आला तोच पट्टी मागत. मी खाली तांबं निवडायला बसले. नवरा म्हणाला, जाऊ दे, आता तुझा संबंध काय? पण माझी एसटी त्या माणसाच्या आधी पोचायची. मी रोज सकाळी यार्डात शिरले की आधी प्रेसकडं जायची, पट्टी कापायची आणि तिचे दोन तुकडे केबिनच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवायची. लपूनछपून नाही. मालक आला की त्याला ते काढूनच दार उघडावं लागायचं. त्यानं मला कामावरून का काढलं नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बहुतेक त्या दिवशी हौदाच्या काठावर थांबलेला स्वतःचा हात त्याच्या डोळ्यांपुढून जात नसावा.

ऑपरेटर मात्र रोज नवीन पट्टी बांधायचा आणि मला चिडवायचा. "ताई, ब्लेडचा खर्च मी देऊ का?"

एकदा चहाच्या वेळी तो असाच बोलत होता. मामा बाजूला उकिडवे बसले होते. आता त्यांना वजनकाट्यावर बसवलं होतं, तिथले मोठे आकडे त्यांना दिसायचे म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला, दस्तीनं तोंड पुसलं आणि ऑपरेटरला म्हणाले, "इकडं ये. हात बघ माझा."

"बघितलाय मामा. पंपानं दगा दिला ना?"

"पंपाचा काय बी कसूर न्हवता."

मामांनी हात तसाच पुढं धरला.

"पट्टी म्याच बांधली व्हती," मामा म्हणाले. "ह्या यार्डात पहिली पट्टी माझी. तवा डाव्या हातानं बटण आन् उजव्यानं पत्रा असं करायचो. बोटं गेली तवा पंपावर घातलं. पट्टी सोडली असती तर लोक म्हणले असते, चूक ह्याचीच व्हती. म्हणून परत बांधली. आन् हिला बी तसंच शिकवलं." माझ्याकडं बोट दाखवून ते थांबले. मग हळूच म्हणाले, "हिचा हात आत व्हता तवा म्या बघत व्हतो. तरी बोललो न्हाय."

मला राग आला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही मला तवाच सांगायचं व्हतं."

"व्हय. सांगायचं व्हतं."

त्यांनी माफी मागितली नाही आणि मी ती दिली नाही. पण त्या दुपारी ऑपरेटरनं स्वतःच्या हातानं पट्टी सोडली. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "ताई, पण बाहेर आलेला पत्रा आत सारायचा कसा? दर वेळी झाकण उचलत बसलं तर दिवस जाईल."

ह्याचा विचार मी निवडायला बसल्या बसल्या करून ठेवला होता. माझे वडील मेंढरांना पाला पाडायला लांब काठीच्या टोकाला आकडी बांधायचे. बाभळीची फांदी खाली ओढायची, काट्यात हात घालायचा नाही. मी ढिगाऱ्यातून एक लांब सळई काढली, कटरवाल्याकडून टोक वाकवून घेतलं, दुसऱ्या टोकाला जुन्या हँडलची रबरी मूठ बसवली. झाकण मिटायच्या आधी सगळा पत्रा त्या आकडीनं दाबून, ओढून बसवायचा. चार दिवसांत हात बसला. गठ्ठे जवळजवळ पूर्वीइतके निघायला लागले. निवडणाऱ्या बायकांनी स्वतःसाठीही छोट्या आकड्या करून मागितल्या. हात चिरायचे थांबले म्हणून.

तो ऑपरेटर पुढं पुण्याकडच्या एका कारखान्यात लागला. जाताना चांगलं बोलून गेला. मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं.

"मशीनवर ये परत."

"येते. पण डाव्या बटणाची स्प्रिंग पट्टीनं ढिली झालीय, दोन्ही बटणं नवी बसवा. आणि प्रेसची किल्ली माझ्याकडं राहील."

"अटी घालतीस व्हय मला?"

"व्हय."

तो बराच वेळ टेबलावरचे कागद इकडचे तिकडं करत राहिला. मग त्यानं मिस्त्रीला फोन लावला, माझ्यासमोरच. बटणं बसेपर्यंत मी मशीनला हात लावला नाही.

ह्याला आता दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात लातूरकडचे दोन यार्डवाले पाहुणे आमचं काम बघायला आले होते. मालक त्यांना फिरवत प्रेसजवळ आला. मी दोन्ही हात बटणावर ठेवून काम करत होते. तो छाती काढून म्हणाला, "आमच्याकडं कडक नियम आहे. दोन्ही हात बटणावर. मी पहिल्यापासून ह्या बाबतीत फार काटेकोर."

मी झाकण पूर्ण मिटू दिलं, गठ्ठा पडू दिला, मशीन बंद केलं आणि वळले.

"मालक, पहिल्यापासून न्हाय. पट्टी तुम्हीच बांधत व्हता. रोज."

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. वजनकाट्याकडून मामांच्या खोकल्याचा आवाज आला. मालक लाल झाला.

"बरं," तो म्हणाला, "नियम हिचा आहे."

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, आमच्याकडं पण पट्टीच आहे. काय करावं?"

मी पदराची गाठ सोडली आणि ब्लेड त्याच्या हातावर ठेवलं.