ओट्यावरचा लॅपटॉप

वहिनीच्या मांडीवर पाकिटाएवढा लाल चट्टा उठला, त्याचं सगळं श्रेय मला जातं.

वहिनी घरबसल्या व्हिडिओ जुळवते. एक निवृत्त गणिताचे सर फळ्यापुढे उभे राहून धडे रेकॉर्ड करतात. त्यांचं खोकणं, चष्मा शोधणं, स्वतःचंच उत्तर चुकणं, हे सगळं कापून वहिनी सरांना हुशार करून देते. नोकरी सुटल्यापासून हे तिचं पहिलं स्वतःचं काम. पण लॅपटॉप बिनपंख्याचा. दिसायला देखणा, आवाज अजिबात नाही, आणि जरा तापला की आपणहून ढिला पडतो, आमच्या दादासारखा. कापाकापी संपून अख्खा धडा एकत्र बांधायची वेळ आली की मग तर बघायलाच नको. लागोपाठ दोन धडे उशिरा गेले. सरांनी गोड आवाजात फोन केला, "आता पुढचाही उशिरा आला ना बेटा, तर मी भाच्याला सांगेन. तुला उगाच त्रास नको."

"भाऊजी, इतकी वर्षं इंजिनिअरिंग शिकताय," वहिनी म्हणाली, "एकदा तरी घराला उपयोग होऊ दे."

मी लगेच बाह्या सरसावल्या. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यावर थर्मल पॅड बसवलं, म्हणजे उष्णता वाहून नेणारी रबरासारखी मऊ पट्टी. आतली उष्णता पट्टीतून झाकणात जाणार आणि झाकणातून बाहेर. झाकण लावून लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या गार दगडी ओट्यावर ठेवला आणि तपासला. गडी असा पळाला की मी दिवसभर छाती काढून फिरत होतो.

फक्त वहिनी ओट्यावर काम करत नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन, लॅपटॉप मांडीवर ठेवून बसते, कारण घरातलं एकुलतं एक टेबल आईच्या शिलाई मशीनने बळकावलंय. हे मी रोज बघतो. तपासताना मात्र वहिनीची मांडी माझ्या हिशेबात कुठेच नव्हती.

धडा द्यायच्या दिवशी दुपारी ती ताडकन उठली.

"भाऊजी, हा लॅपटॉप आहे की इस्त्री?"

"उष्णता बाहेर पडतेय वहिनी, म्हणजे उपाय लागू पडलाय."

"लागू पडलाय. मला."

मी धावत जाऊन उशी आणली. उशीने उष्णता कोंडली आणि लॅपटॉप परत रांगायला लागला. मग मी पॅड काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"झाकणाला हात लावाल तर सरांच्या खोकल्यासारखं कापून टाकीन तुम्हाला," असं म्हणून ती लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेली. आई ओट्यावर कांदा चिरत होती.

"अगं, हे काय इथे?"

"जरा सरका आई. सर तापलेत."

"आणि मी चिरू कुठे, डोक्यावर?"

ओटा ओला होता. वहिनीने मागचापुढचा विचार न करता आईचा बिस्किटं भाजायचा ट्रे पालथा घातला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. खाली हवा खेळती राहिली. ट्रे तापत गेला, लॅपटॉप पळत राहिला. आई उरलेल्या वीतभर जागेत कांदा चिरत, मला जन्मभर ऐकू येत राहील अशा आवाजात माझं शिक्षण काढत होती. अंधार पडायच्या आत धडा गेला. सरांचा निरोप आला, "वेळेवर पोचला. पुढचेही तूच कर, भाचा धांदरट आहे."

आता तो ट्रे सोफ्यावर असतो. पालथा मांडीवर घ्यायचा, वर लॅपटॉप; तापलेला पत्रा मांडीपासून चार बोटं वरच राहतो. चटका नाही, काही नाही. वहिनी तो सोडायला तयार नाही.

"नवा आणून देतो," असं मी आईला त्याच दिवशी सांगितलं होतं. आई काल बिस्किटं तव्यावर भाजत होती. करपलेली तेवढी वेगळ्या बशीत काढून तिने माझ्यापुढे सरकवली.

"ट्रे येईपर्यंत तुझ्या वाट्याला हीच," ती म्हणाली.

मी खातोय. बाजारात जाणं काही अजून झालेलं नाही.