आत्याच्या शेकातलं सोनं

शेकाच्या खोलीबाहेर रोज तीच माणसं बसतात, म्हणून किस्से साचत जातात. कॅन्सरवर किरणं देतात, त्याला आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात. पिशोरची माझी आत्या घशाच्या शेकासाठी आमच्या घरी राहते, आणि शाळा सुटली की मी तिच्यासोबत जाते. बहुतेक किस्स्यांत मान खाली माझीच असते.

*

आत्याचा घसा आतून सोलवटला होता. घोटभर पाणी जाईना. "बस झालं. मला पिशोरला सोडा," ती म्हणाली.

तिला थांबवायला बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, आपली पोरगी याच्यावरच प्रोजेक्ट करतेय. नॅनो! सांग गं!"

सगळे माझ्याकडं वळले. मी चपलांकडं बघत सांगितलं, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोचवले, तर तेवढ्याच किरणांचा मारा गाठीवर जास्त बसतो. "यावर अजून संशोधन चालू आहे" हे वाक्य मात्र तोंडातच राहिलं.

वाळूजच्या कंपनीतले एक काका म्हणाले, "आमच्या अंगात लोखंडाचा भुगा लई गेलाय. त्याचं काय जमतंय का बघ!"

*

दुसऱ्या दिवशी शेकालाच येणाऱ्या शहागंजच्या खालांनी मला बाजूला घेतलं. "बेटी, बाईस कॅरेट चलता क्या, के चौबीसच होना?"

"चोवीस," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे!

*

त्यानंतर आत्यानं घरी जायचं नाव काढलं नाही. माझ्याआधी तयार होऊन दारात उभी! मला फार बरं वाटलं. मग पिशोरच्या सुनेशी तिचं फोनवरचं बोलणं कानावर आलं.

"लोकायच्या गळ्यात सोनं असतंय, माझ्या गळ्याच्या आतून हाय!"

खरं सांगितलं तर ती शेक अर्धवट सोडून जाईल, या भीतीनं मी गप्प राहिले. वाळूजचे काका रोज "या, सोनेवाले!" म्हणायचे आणि माझे कान तापायचे.

*

काल डॉक्टर मॅडम बाहेर येऊनच म्हणाल्या, "मावशी, गाठ कमी होतेय हं."

"व्हणारच. सोनं घालताय न्हवं!"

"कसलं सोनं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पळून जावंसं वाटलं. कसंबसं म्हणाले, "आत्या, ते सोनं अजून प्रयोगातच आहे. तुला दिलेलं नाही."

तेवढ्यात आतून आत्याचं नाव पुकारलं. ती उठली, पदर सावरला, दारापर्यंत गेली आणि वळली.

"पिशोरला सांगू नको बरं का! सून आता लई नीट बोलती."