खिडकीसाठीचा चेहरा

माझी ताई स्वतःला खुनी म्हणते. मोठ्याने नाही. इस्त्री फिरवताना, भांडी घासताना, आपल्याशीच पुटपुटते. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. समजावून थकले, रागावून थकले, एकदा तर हातातला पेला आपटला. काही उपयोग झाला नाही. म्हणून जे झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा कोण खुनी ते.

ताईचा मुलगा जन्मापासून पायाने अधू. डावा हातही वाकडा, छातीशी चिकटलेला. पण तोंड! एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की झोपेपर्यंत बंद होण्याचं नाव नाही. आम्ही त्याला रेडिओच म्हणायचो. घरात खिडकीशी बसून तो गल्लीतल्या पोरांच्या क्रिकेटचं धावतं वर्णन करायचा. पोरगा बाद झाला की आधी वर त्याच्याकडे बघायचा, आता हा आपली काय अब्रू काढतोय म्हणून. चांगला पंचविशीचा बाप्या झाला तरी हेच चालू. त्याचे वडील तो लहान असताना ‘जरा जाऊन येतो’ म्हणून गेले, ते अजून येतायत. मग मीच ताईकडे राहायला आले आणि तिथलीच झाले.

ताई एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभी असते. पायांच्या शिरा निळ्या पडल्यात. पण तिचं खरं कसब वेगळंच होतं. तिला सवलतीचा वास यायचा. कुठल्याही तिकीटखिडकीपाशी ती दरांचा फलक खालून वर वाचायची. ती म्हणायची, “सवलत नेहमी तळाला असते, बारीक अक्षरात, आणि त्यावर यांनी कॅलेंडर टांगलेलं असतं.” आणि खरंच, ती कॅलेंडर बाजूला करायची तर खाली ओळ असायचीच. बस, सिनेमा, संग्रहालय, पोहण्याचा तलाव, चष्म्याचं दुकान, कुठे काय मिळतं ते तिला तोंडपाठ. आणि बऱ्याच ठिकाणी एक सोबती फुकट. यावरून रेडिओ तिला फार छळायचा.

“बघ मावशी, आई आयुष्यभर माझ्या जिवावर फुकट फिरली. मी नसतो तर हिला कोणी दारात उभं केलं असतं का?”

ताई त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि हसू दाबायची.

“मजा आहे बुवा तुमची, सगळीकडे फुकट!” असं शेजारीपाजारी म्हणायचे. मी एकदा एकीला म्हटलं, “घेऊन जा की आमची चाकाची खुर्ची, फिरून या महिनाभर.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

अडचण अपंगत्वाच्या कार्डाची नव्हती. कार्डावर फोटो होता, सही होती, शिक्का होता. तरी खिडकीमागचा माणूस मान बाहेर काढून बघणारच. एकदा सिनेमाच्या खिडकीवर रेडिओ मोठ्या उत्साहाने म्हणाला, “नमस्कार साहेब! आज गर्दी खेचलीत अगदी.” साहेबांच्या कपाळावर आठ्या. म्हणाले, “हा तर चांगला चुरूचुरू बोलतोय. याला कसली सवलत?” ताईने नियम सांगितला, हातापाया पडायची तेवढी बाकी राहिली. शेवटी सिनेमा न बघताच दोघं परत आली.

पुढच्या वेळी दोघं बसच्या पासासाठी गेली तेव्हा या पठ्ठ्याने खिडकीसमोर येताच मान खांद्यावर टाकली, जबडा ढिला सोडला, डोळे अर्धे मिटले. आतला माणूस गडबडला, त्याने पटकन शिक्का मारला आणि वर “देव बघून घेईल हो” असंही म्हणाला. बाहेर आल्यावर मायलेक इतके हसले की ताईला फुटपाथवर बसावं लागलं. तिथून तो खिडकीसाठीचा चेहरा सुरू झाला. रांगेत नंबर जवळ आला की ताई हळूच म्हणायची, “रेडिओ बंद.” तिकीट हातात पडलं की, “लाव आता.” कधी कधी तो मुद्दाम लावायचा नाही, दारापर्यंत लोळागोळा होऊन पडायचा आणि मग एकदम ‘भॉ’ करायचा.

मला ते कधीच आवडलं नाही. इतकं हुशार पोर, त्याने मातीचा गोळा व्हायचं, तेव्हा कुठे या लोकांना पाझर फुटणार. पण सवलतीशिवाय त्याचं घराबाहेर पडणं झेपत नव्हतं, आणि त्याला तर बाहेर हवं होतं. आजूबाजूच्या बायका आपापली अशीच अधू मुलं घेऊन ताईकडे विचारायला यायच्या. ताई त्यांना कुठल्या खिडकीवर काय मागायचं ते सांगायची आणि रेडिओ मुलांची शिकवणी घ्यायचा. “समोरचा कितीही ओरडला तरी बोलायचं नाही. बोललात की बाद!”

त्याला एकच गोष्ट मनापासून हवी होती. मैदानात बसून सामना बघायचा. “मला ती हिरवळ सगळी एकदम बघायचीय,” तो म्हणायचा, “चौकटीतून नाही.” पण मैदानात खुर्ची न्यायची सोय नव्हती. मग एका वर्षी त्यांनी उतार बांधला, वर चाकाच्या खुर्च्यांसाठी जागा काढली. तिकिटाला सवलत, सोबती फुकट. ताईने ते कसं हुडकलं तीच जाणे. सोबती अर्थात एकच. मी घरी राहायचं ठरलं. “तू ऐक गं मावशी,” तो म्हणाला, “मी तिथून ओरडतो, येईल ऐकू.”

त्या दिवशी सकाळी त्याचं डोकं दुखत होतं. ताई म्हणाली, नको जायला. तो असा काही भांडला की तिने हात टेकले. डोकं त्याचं नेहमीच दुखायचं.

रांग मोठी होती. सगळी रांग हसत होती म्हणे, कारण हा रांगेचंच वर्णन करत होता. “टोपीवाले काका डावीकडून आत घुसले, पंचांचं लक्ष नाही, प्रेक्षकांत संताप!” खिडकी जवळ आली तशी ताई म्हणाली, “रेडिओ बंद.” तो गप्प झाला. थोड्या वेळाने मान खांद्यावर पडली. तोंडातून लाळ आली. ताईने वाकून त्याच्या कानात सांगितलं, “लाळ कशाला रे? जास्त होतंय.”

खिडकीमागच्या माणसाने एकदा बघितलं आणि काही न विचारता तिकिटं पुढे सरकवली. कार्डसुद्धा मागितलं नाही. असं कधीच झालं नव्हतं. ताईचा जीव भांड्यात पडला. ती खुर्ची ढकलत उतार चढली. मागून तिला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. “झालं रे, लाव आता.” तो बोलला नाही. “पुरे की, लोक बघतायत.” तरी नाही. म्हणजे आता ‘भॉ’ करणार, म्हणून ती हसतच वर पोचली. समोर ते सगळं हिरवं मैदान. “अरे, बघ तरी!” म्हणत ती खुर्चीच्या पुढे आली.

तेव्हा मी घरी सामना ऐकत होते. प्रत्येक चौकाराला मला वाटत होतं, हा त्याने बघितला.

मेंदूतली शीर फुटली होती. तो शुद्धीवर आलाच नाही. हॉस्पिटलमधला एक तरुण डॉक्टर जाता जाता म्हणाला, “थोडं आधी आणायला हवं होतं.” तो बोलून पुढच्या पेशंटकडे गेला, आणि ताई तिथेच राहिली. मोठ्या डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं की आधी आणलं असतं तरी बहुधा काही झालं नसतं. ताई म्हणते, “बहुधा म्हणजे काय गं?”

त्यानंतर ताई लॉन्ड्रीत जायची आणि यायची, बाकी काही नाही. बसमध्ये कंडक्टरने “आज एकट्याच?” विचारलं, तर मधल्याच स्टॉपवर उतरून चालत घरी आली. सवलतीचं विचारायला कोणी आलं की मीच दारातून वाटेला लावायचे.

परवा मात्र मागच्या गल्लीतली एक बाई मुलीला घेऊन थेट आत आली. मुलीच्या पायात लोखंडी पट्ट्या. तलावावर सवलत मिळत नव्हती म्हणून विचारायला आली होती. ताई घरच्या कपड्यांना इस्त्री करत होती, तिने मान वर केली नाही. तेवढ्यात मुलगी खुर्चीत बसत म्हणाली, “मला येतं, दादाने शिकवलंय.” आणि तिने मान खांद्यावर टाकली, तोंड उघडं सोडलं, डोळे अर्धे मिटले.

ताईने इस्त्री टाकली. ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “बोल. काहीतरी बोल. बोल गं!”

मुलगी बोलली नाही. ताई ओरडायला लागली, तिला गदागदा हलवायला लागली, तरी पोर हूं की चूं नाही. तिला तसंच शिकवलं होतं. मी ताईला मागून ओढत होते, ती ऐकत नव्हती. शेवटी मुलीची आई किंचाळली, “अगं बोल ना!” तेव्हा पोरीने डोळे उघडले आणि घाबरून म्हणाली, “मावशी, मी खोटं खोटं करत होते.”

ताईने तिचा चेहरा सोडला. मग माझ्याकडे वळली, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.

“मला कळलं नाही गं,” ती म्हणाली. “मला आत्तासुद्धा कळलं नाही.”