भूपेंद्रचा सजवलेला ब्राउझर

वरठीच्या स्टेशन रोडवर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला भिंत लावून भूपेंद्रचं ऑनलाइन सेंटर. या माणसाचा मला मनापासून वीट आला आहे, आणि का ते सांगतो.

भूपेंद्रला एकच नाद, ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, टाकायचा. पान काळं करणारं, पानावर बर्फ पाडणारं, कूपन शोधणारं, जाहिरातींच्या खिडक्या अडवणारं. पोळ्याच्या बैलासारखा ब्राउझर सजवून ठेवला होता. गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हा त्याला बर्फ दाखवतोय!

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या मालनबाईच्या मुलीचा, रेणूचा, सरकारी नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर जागा पक्की करायची होती, नाही तर ती पुढच्या मुलीला जाणार. मी तिथेच झेरॉक्ससाठी उभा होतो. भूपेंद्रने बटण दाबलं. पान जसंच्या तसं. वर कोपऱ्यात मात्र लाल खूण उमटली, एक खिडकी अडवल्याची.

“दादा, पावती तं नाही आली,” रेणू म्हणाली.

“मोबाइलवर मेसेज येते. झालं तुयं काम, जाय आता.”

“अन् ते लाल काय होय रे?” मी विचारलं.

“जाहिरात असन, काका. दिवसभर अडवतच राहतो मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वेबसाइटवर पाहिलं तर जागा गेलेली. भूपेंद्रने माझ्यादेखत ते अडवणारं एक्स्टेंशन बंद करून पुन्हा बटण दाबलं. लगेच छोटी खिडकी उघडली. जागा पक्की करायची शेवटची संमती तिथेच द्यायची होती, आणि आता तिच्यात ‘मुदत संपली’ एवढंच होतं. याला सगळं कळलं. एक्स्टेंशन परत चालू केलं आणि पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला.

तेवढ्यात मालनबाई रेणूला घेऊन आली. पोरीचे डोळे सुजलेले.

“सर्व्हर डाऊन होता, काकू,” खर्रा गालात धरून हा म्हणाला. “मी तं लय कोशिश केली.”

“तू काहून मनाले लावून घेतं, बाबू?” मालनबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मला किळस आली.

“खोटं बोलून राहिला हा, मालनबाई! याच्या खेळण्यानंच पोरीची जागा खाल्ली. म्या सोता पाह्यलं.”

तिने माझ्याकडेच रागाने पाहिलं. “गरीब पोराच्या पोटावर कायले पाय देता, भाऊ? पुढल्या साली धाकटीचा फॉरम बी मी याच्याच हातानं भरीन.”



“आणा ना, काकू,” भूपेंद्र म्हणाला, आणि दारात जाऊन थुंकला.